काळ्या काचेतून खानदेश

पाणी, वीज आणि वेळेवर येणारी एस.टी. यांची खानदेशात अधूनमधून टंचाई असते. उजेडाची कधीच नसते. मार्चमध्ये लागलेलं ऊन जूनच्या मध्यापर्यंत जळगाव-धुळ्याला असं झोडपून काढतं की पारा ४५ च्या वर गेला तरी कोणाला विशेष वाटत नाही. उलट ४१ वर उतरला तर लोक म्हणतात, "आज जरा गार आहे." अशा मुलखात फोटो काढणाऱ्याला उजेड कमी पडणं शक्यच नाही. पण फुकट मिळणाऱ्या वस्तूची माणसाला किंमत नसते. म्हणून आमच्याकडच्या हौशी फोटोवाल्यांनी एक नवंच खूळ डोक्यात घेतलं आहे. भर उन्हात कॅमेऱ्याच्या डोळ्यावर काळी काच चढवायची आणि मग तो डोळा दोन-दोन मिनिटं उघडा ठेवायचा.

याला लाँग एक्स्पोजर म्हणतात. शटर बराच वेळ उघडं राहिलं की वाहतं पाणी मऊ दिसतं, ढग लांबच लांब ओढले जातात आणि चालणारी माणसं नाहीशी होतात. रात्री हे सोपं असतं. दिवसा शटर दोन मिनिटं उघडं ठेवलं तर फोटो नुसता पांढराफटक येतो. म्हणून भिंगापुढे एनडी फिल्टर नावाची काळी चकती लावतात. साधी चकती शेकड्यांत मिळते, पण दहा स्टॉपची, नामांकित कंपनीची, खोक्याफ्रेमसकट घ्यायची म्हटली तर मामला पाच आकड्यांत जातो. जळगाव हे सोन्याचं गाव. "एवढ्या पैशांत काहीतरी पिवळं आलं असतं," हे वाक्य इथे घरोघरी तयारच असतं. तिथे कोणी दहा हजार रुपये मोजून काळी काच घरी आणली, तर सासरची मंडळी त्याला पुढच्या वेळी पाणी विचारताना क्षणभर थांबतात.

तेव्हा खानदेशी माणूस सराफाकडेही जात नाही आणि कॅमेऱ्याच्या दुकानातही जात नाही. तो जातो हार्डवेअरच्या दुकानात. जळगावच्या एमआयडीसीत किंवा धुळ्याच्या हायवेलगत ट्रॉल्या, शटर, ग्रिल बनवणाऱ्यांची जिथे वस्ती, तिथे असं दुकान असतंच. तिथे वेल्डिंगच्या रॉडचे पुडे, ग्राइंडरची चाकं आणि हातमोजे यांच्या गर्दीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली वेल्डिंगची काळी काच असते. सव्वाचार बाय सव्वातीन इंच. पन्नासची नोट दिली की सुटे परत येतात.

"किती नंबर?"

आपण नकळत चष्म्याचा नंबर सांगायला लागतो.

"डोयाचा नाही भो, काचेचा. धा का अकरा?"

मग "कशाले पाह्यजे?" हा प्रश्न येतो. फोटो काढायला, असं खरं उत्तर दिलं तर दुकानदार नोकराकडे बघतो आणि नोकर छताकडे. काच पारखून घ्यायची चांगली सवय असेल तर इथे फजिती ठरलेली. ओरखडा आहे का बघायला ती दुकानातल्या ट्यूबलाइटपुढे धरली तर ओरखडा तर दिसत नाहीच, ट्यूबलाइट हरवते आणि दुकानदारही दिसेनासा होतो. काच तिरपी धरून, तिच्यावर पडलेल्या प्रतिबिंबात ओरखडा शोधावा लागतो. एवढं केल्यावर दुकानदाराची खात्री पटते की गिऱ्हाईक आयकर खात्यातलं असावं.

आता थोडा हिशेब. हिशेबाशिवाय खानदेशात कुठलीही हौस मान्य होत नाही. दहा स्टॉपचा महागडा फिल्टर उजेडाचा साधारण हजारावा भाग आत सोडतो. वेल्डिंगची दहा नंबरची काच सोडते सात हजार दोनशेवा भाग. म्हणजे रुपयाला किती अंधार मिळतो, या हिशेबाने बघितलं तर हार्डवेअरच्या दुकानासारखी स्वस्ताई कुठे नाही. पण या नंबरांत एक ग्यानबाची मेख आहे. नंबर एकाने वाढला की उजेड पावणेतीनपटीच्या आसपास कमी होतो. संध्याकाळच्या ज्या दृश्याला कॅमेरा उघड्या डोळ्याने एक-साठांश सेकंद मागतो, त्याला दहा नंबरची काच लावली की दोन मिनिटं लागतात. अकराला सव्वापाच, बाराला चौदा. हुरूप येऊन कोणी थेट चौदा नंबर आणला तर पावणेदोन तास. तेवढ्यात जळगावहून धुळ्याला पोचता येतं. आणि सूर्य तोवर मावळलेला असतो हा भाग वेगळा.

चौदा नंबरचं खरं गिऱ्हाईक दुसरंच. २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, मावळत्या सूर्याला ग्रहण लागलं होतं. ग्रहण म्हटलं की वेल्डिंगच्या काचेला भाव येतो. सूर्याकडे बघायला चौदा नंबर हवा, बाराच्या खालचा तर नकोच नको. दुकानात मात्र रोजच्या खपाचे दहा-अकराच पडलेले असतात, आणि "चालतं हो, काही होत नाही" हे आपल्याकडचं सर्वांत खपाऊ वाक्य आहे. ज्याचं पोट त्या काचेवर आहे तो वेल्डर कधीही "चालतं" म्हणत नाही. एकदा उघड्या डोळ्याने आर्क बघितला की रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं कसं होतं, हे त्याला विचारा. सगळ्या शास्त्रीय माहितीपत्रकांपेक्षा तो ते चांगलं सांगतो.

काच आणणं सोपं, बसवणं कठीण. भिंग गोल, काच चौकोनी. दोघांचं जमवायला रबर लागतं. घरातल्या मुलीच्या केसांची रबरं या कामी पहिल्यांदा जातात. ती रंगीबेरंगी असतात, त्यामुळे कॅमेरा शाळेत निघाल्यासारखा दिसतो. जाणकार लोक पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आणतात. त्या घट्ट बसतात, कुठून उजेड शिरू देत नाहीत आणि जवळजवळ फुकट असतात. एवढे तीन गुण एका वस्तूत असणं म्हणजे खानदेशात लग्न जमल्यासारखंच आहे.

काच चढवली की कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून चौकट ठरवणं, फोकस जुळवणं आणि कॅमेरा हाताच्या (मॅन्युअल) फोकसवर नेऊन ठेवणं, ही सगळी कामं काच लावायच्या आधी उरकावी लागतात. नंतर श्वास रोखून, भिंगाला धक्का न लावता, रबरं ताणायची. मागच्या बाजूला डोळा लावायच्या खिडकीतून उजेड शिरतो, तीही झाकायची. याला आमच्याकडे तोंडाला बांधायचा पांढरा रुमाल वापरतात. उन्हाळ्यात तो प्रत्येकाजवळ असतोच. फक्त तो कॅमेऱ्याला दिला की फोटोवाल्याचं डोकं उघडं पडतं, आणि दोन मिनिटांच्या फोटोत नक्की कोण भाजून निघतंय हा प्रश्न उभा राहतो. ट्रायपॉड वाऱ्याने हलू नये म्हणून मध्यभागी वजन टांगतात. रावेरकडे एकाने केळीचा घड टांगलेला मी पाहिला आहे. वजन उत्तम होतं. मात्र शटर बंद होईपर्यंत खालची फणी बघ्यांनी संपवली होती.

बघे हा या कलेचा अविभाज्य भाग. ट्रायपॉड या तीन पायांच्या वस्तूचा आपल्याकडे गेल्या काही वर्षांत एकच अर्थ उरला आहे. रस्ता रुंद होणार. हायवेचं चौपदरीकरण झालं तेव्हापासून ट्रायपॉड दिसला की लोक आधी आपल्या ओट्याकडे बघतात आणि मग फोटोवाल्याकडे. धुळ्याकडे अहिराणीत विचारणा होते.

"काय मोजी राहिनात भाऊ? आमनं घर जाई का रोडमा?"

"नाही हो काका, फोटो काढतोय."

यावर कोणी विश्वास ठेवत नाही. फोटो काढणारा माणूस कसा असतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो बोट दाबतो, आवाज होतो, पुढे जातो. हा माणूस बटण दाबून घड्याळाकडे बघत दोन मिनिटं नुसता उभा आहे, म्हणजे सरकारीच असला पाहिजे. जळगावकडे शंका थोडी तांत्रिक असते. "एका फोटोले दोन मिनिट? आमच्या मोबाइलमधी त लगेच निघते." मग कोणीतरी मोबाइलमध्ये तोच फोटो काढून दाखवतो. तो खरोखर बरा आलेला असतो. इतक्यात दोन मिनिटं संपतात, शटर बंद होतं, सगळे फोटो बघायला पुढे सरकतात आणि कॅमेरा आणखी दोन मिनिटं गप्प बसतो. लांबलेल्या फोटोतले ठिपके पुसायला त्याला तेवढाच वेळ पुन्हा लागतो. "हँग झाला," असं सर्वानुमते ठरतं आणि मंडळी चहाला पांगतात.

ते ठिपके हेही खानदेशचं वैशिष्ट्य. सेन्सर जितका तापेल तितके लाल-निळे ठिपके जास्त. थंड देशांतले लोक या विषयावर फार शांतपणे लिहितात. मे महिन्यात दुपारी अडीच वाजता कॅमेरा हातात धरवत नाही, तेव्हा भर दिवसाच्या फोटोत तारांगण उतरतं.

पण या काचेची खरी गंमत पाण्यात नाही. पाणी मऊ करायचं तर आधी पाणी हवं. पांझरा आणि गिरणा यांच्या पात्रात वर्षातले बरेच महिने वाळू असते, आणि वाळू दोन मिनिटं काय, दोन महिने टिपली तरी वाळूच येते. (ती रात्री ट्रॅक्टरमधून हलते, पण तेव्हा फोटो काढू देत नाहीत.) पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीचं गढूळ पाणी काळ्या काचेतून आटवलेल्या बासुंदीसारखं येतं. बघणाऱ्याला कला दिसण्याऐवजी भूक लागते. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे, धुळ्याजवळ लळिंगचा धबधबा आहे, चाळीसगावजवळ पाटणादेवीचे धबधबे आहेत. चार महिने सगळे फोटोवाले या जागांवर एकमेकांच्या चौकटीत उभे असतात. उरलेल्या आठ महिन्यांत काय करायचं? तेव्हा ही काच गावात येते, आणि गावाचं जे होतं ते बघण्यासारखं असतं.

ही गंमत तशी जुनी आहे. १८३८ साली पॅरिसमध्ये दागेर नावाच्या गृहस्थाने खिडकीतून रस्त्याचा फोटो काढला. त्या काळी एका फोटोला काही मिनिटं लागत. रस्ता गाड्याघोड्यांनी भरलेला होता, पण फोटोत तो ओस पडलेला आला, कारण हलणारं काहीच त्या पत्र्यावर टिकलं नाही. टिकला फक्त एक माणूस, जो कोपऱ्यावर बुटाला पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. फोटोत आलेला जगातला पहिला ज्ञात माणूस तोच. कर्तबगारी एवढीच की तो हलला नाही.

हाच प्रयोग धुळ्याच्या पाच कंदिलावर करून बघावा. संध्याकाळची वेळ, भाजीवाल्यांचा आरडाओरडा, रिक्षांचे हॉर्न, मोटारसायकलवर तिघं आणि चौथ्याचा पाय. दहा नंबरची काच लावून दोन मिनिटं शटर उघडं ठेवलं की चौक मोकळा. एवढं अतिक्रमण इतक्या कमी खर्चात कुठल्याही मोहिमेला हटवता आलेलं नाही. फोटोत राहतात ते नेमके कोण? रस्त्याच्या मधोमध रवंथ करणारा बैल, अगदी शिंगाच्या टोकापर्यंत ठसठशीत. बंद पडलेला हातपंप. टपरीच्या बाकावर राजकारणाची चर्चा करणारे दोघं, त्यांचे फक्त ओठ आणि तर्जनी पुसट. आणि फ्लेक्स! जिवंत माणसं सगळी धुऊन निघतात, पण वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फलकावरचे भावी नगरसेवक, त्यांचे मार्गदर्शक, शुभेच्छुक आणि खाली ओळीने चिकटवलेले मित्रमंडळाचे चाळीस चेहरे, एकूण एक स्पष्ट येतात. दोन मिनिटांच्या कसोटीला शहरातले एवढेच नागरिक उतरतात. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. वारा जोराचा असला की त्यांची पाती फोटोतून जवळजवळ जातात आणि डोंगरावर नुसते पांढरे खांब उरतात. असा फोटो एका शेतकऱ्याला दाखवला तर त्याने शांतपणे विचारलं, "पाती कधी चोरीला गेली?"

काचेपुढे ताटकळणं हे खानदेशाला नवीन नाही. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून आमच्या शेजारच्या अजिंठ्याला होता. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करण्यात त्याची वर्षानुवर्षं गेली. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. तोवर तो कॅमेऱ्याकडे वळलेला होता आणि १८६४ साली फर्ग्युसनच्या लेण्यांवरच्या पुस्तकात त्याचे ७४ फोटो छापूनही आले होते. त्या काळच्या रीतीत काचेला ओलं रसायन लावायचं आणि ते वाळायच्या आत फोटो घेऊन धुवायचाही. आता हे अजिंठ्याच्या उन्हाळ्यात करून बघा. आमच्याकडे अंगणात टाकलेले पापड कसे वाळतात हे ज्याने पाहिलंय त्याला गिलबद्दल आदर वाटल्याशिवाय राहणार नाही. त्याची अडचण आमच्या नेमकी उलटी होती. लेण्यात अंधार जास्त आणि बाहेर काच वाळवणारं ऊन. तो १८७९ मध्ये गेला. त्याची कबर भुसावळला आहे. रेल्वेच्या गावी, गाड्या सुटायची वाट बघणाऱ्यांच्या संगतीत, ते योग्यच झालं.

पण आमचं खरं कुलदैवत चाळीसगावात. केकी मूस, जन्म १९१२. परदेशातून फोटोग्राफी शिकून आले आणि चाळीसगावच्या घरात जे बसले ते १९८९ मध्ये जाईपर्यंत जवळजवळ बाहेर पडलेच नाहीत. पंजाब मेलने कोणीतरी यायची होती आणि ते रोज रात्री तिची वाट बघत, असं सगळं चाळीसगाव सांगतं. तेवढ्या काळात त्यांनी घरातल्या टेबलावर घरातल्याच किरकोळ वस्तू मांडून त्यांचे डोंगर, रस्ते आणि निसर्गदृश्यं केली. त्यांना टेबलटॉप फोटोग्राफीचे बादशहा म्हणतात. बक्षिसं देशोदेशीची. लोक हजारो रुपये खर्च करून काश्मीरला जातात आणि भिंगावर बोट आलेला फोटो घेऊन येतात. या माणसाला जग उभं करायला टेबल पुरलं. त्यांच्या जिल्ह्यातल्या माणसाने सायकलच्या ट्यूबने वेल्डिंगची काच बांधली तर त्यात कसलं आलं नवल? आणि एका फोटोसाठी दोन मिनिटं उभं राहणं म्हणजे तपश्चर्या, असं चाळीसगावात तरी कोणी म्हणू नये.

काचेचा दोष सांगायचा राहिला. ती हिरवी आहे. कॅमेऱ्यात जे येतं ते सगळं हिरवं. ऊन हिरवं, ढग हिरवे, बैल हिरवा. मे महिन्यात धुळे जिल्हा हिरवागार दाखवणारं हे माझ्या माहितीतलं एकमेव साधन आहे, आणि दुष्काळाच्या पंचनाम्याला हे फोटो चुकून गेले तर भरपाई नामंजूर होण्याची शक्यता आहे. उपाय असा की काचेतूनच एखाद्या पांढऱ्या वस्तूचा फोटो घ्यायचा आणि कॅमेऱ्याला सांगायचं, बाबा, हे पांढरं समज. पांढरी वस्तू आमच्याकडे डोक्यावर असते. त्यामुळे चौफुलीवरच्या एखाद्या आजोबांना दोन मिनिटं टोपी मागायची वेळ येते. आजोबा टोपी देतात, पण शपथ घेतल्यासारखे समोरून हलत नाहीत, आणि फोटोत टोपीच्या वर त्यांचं टक्कलही पांढऱ्याच्या हिशेबात धरलं जातं. इतकं करूनही हिरवा रंग पुरता जात नाहीच. कारण ही काच भिंगासाठी केलेलीच नाही. मग शेवटचा मार्ग, फोटो काळापांढरा करायचा. काळापांढरा केला की दोषाची कला होते. प्रदर्शनांत या जातीचे जे गंभीर काळेपांढरे फोटो टांगलेले असतात, त्यांतले निम्मे मुळात पोपटी होते असा माझा दाट संशय आहे.

सगळ्यांत मोठा धोका मात्र नातेवाइकांचा. काळी काच बांधलेला कॅमेरा त्यांना भारी वाटतो. भाच्याच्या लग्नात, गोरज मुहूर्ताच्या आधी मारुतीच्या पाराजवळ वरात आली असताना, बहिणीने फर्मान सोडलं: "त्या काळ्या काचेतला एक काढ रे दादा. मोबाइलचे तर सगळेच काढतात." बॅन्जो वाजत होता, सगळं वऱ्हाड नाचत होतं, नवरदेव घोडीवर, घोडीही ठेक्यात. मी दोन मिनिटं समजावलं, मग दोन मिनिटं शटर उघडं ठेवलं.

फोटोत मारुतीचं देऊळ आलं. पार आला. जनरेटरची गाडी तर तिच्यावरच्या फोन नंबरासकट आली. वऱ्हाड म्हणून जमिनीपासून कमरेपर्यंत थोडं धुकं होतं. नवरदेवाच्या जागी हवेत तरंगणारा एक फेटा, तोही अर्धवट. नवरीच्या आजीने तो बघितला आणि तडक मीठमोहऱ्या मागवल्या. संपूर्ण फोटोत एकच माणूस सुटाच्या गुंड्यांसकट लख्ख आला होता. थोरले जावई. आहेराचा टॉवेल हलका निघाला म्हणून ते सकाळपासून रुसले होते आणि पाराखाली प्लास्टिकच्या खुर्चीत, हाताची घडी घालून, तसूभरही न हलता बसले होते.

बहीण आठवडाभर बोलत नव्हती. जावयांचा मात्र दुसऱ्याच दिवशी फोन आला. "तुम्ही एकटेच माणूस ओळखता दादा," म्हणाले. सोळा बाय वीसची प्रत पाहिजे, फ्रेमसह, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या चुलतभावाचं लग्न आहे, तिथेही तीच काच घेऊन या. खुर्ची कुठे टाकायची ते आधीच सांगून ठेवतो म्हणाले.